व्हीएममध्ये डब्ल्यूआरएफ संथ का चालतं आणि गेलेला वेग परत कसा मिळवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संस्थेत चार सर्व्हर आहेत. प्रत्येकात झिऑन गोल्ड ६३३८चे दोन सॉकेट, म्हणजे ६४ कोअर, शिवाय २५६ जीबी रॅम आणि १०० गिगाबिटचं इन्फिनिबँड (अतिवेगवान नेटवर्कचं) कार्ड. सगळं केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या) व्हीएममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रातच चालवा, असा आयटी विभागाचा आग्रह आहे. हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल थेट सर्व्हरवर १०० मिनिटांत संपतं, पण ६४ व्हीसीपीयूच्या (आभासी कोअरच्या) व्हीएममध्ये त्याला १४० मिनिटं लागतात. दोन सर्व्हरवरचे दोन व्हीएम जोडून १२८ रँक (एकाच कामाच्या समांतर प्रोसेस) चालवले, तर एकट्या व्हीएमपेक्षाही जास्त वेळ जातो. तेव्हा व्हीएम एचपीसीसाठी (मोठ्या वैज्ञानिक गणनांसाठी) नसतातच असं समजायचं का, आणि बेअर मेटलसाठी, म्हणजे व्हीएमशिवाय थेट सर्व्हर मिळण्यासाठी, आयटीशी भांडायचं का?

भांडण तूर्त बाजूला ठेवा. नोव्हेंबर २०२३च्या टॉप५०० यादीत तिसऱ्या क्रमांकावर आलेलं ‘ईगल’ हे मायक्रोसॉफ्टचं यंत्र ५६१.२ पेटाफ्लॉप्स देत होतं, आणि ते अझ्युअरच्या एनडीव्ही५ या व्हीएम मालिकेवर उभं आहे. त्यामुळे व्हीएममध्ये एचपीसी होतं का, हा वाद मिटलेला आहे. तुमच्या व्हीएमची मांडणी एचपीसीसाठी केली आहे का, एवढंच पाहायचं राहतं. तुमच्या वर्णनावरून ती वेबसर्व्हरसाठी करतात तशी दिसते. वेबसर्व्हरला ती पुरते, डब्ल्यूआरएफला पुरत नाही.

दुसरं म्हणजे, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. एका व्हीएममध्ये ४० टक्के जास्त वेळ लागणं ही सीपीयू आणि मेमरीची बाब आहे. दोन व्हीएम जोडल्यावर वेग वाढण्याऐवजी कमी होणं ही जवळजवळ नक्कीच नेटवर्कची बाब आहे. दोन्हींवर एकदम हात घातलात, तर कशामुळे काय सुधारलं ते कळणार नाही. आधी एकच व्हीएम नीट करा.

किती वेग परत मिळेल, हे कामाच्या जातीवर ठरतं. एका नोडच्या, म्हणजे सर्व्हरच्या, आत मावणारं काम नीट बसवलेल्या व्हीएममध्ये बेअर मेटलपेक्षा साधारण १ ते ५ टक्के मागे राहतं, असं मी धरून चालतो. इन्फिनिबँड कार्डाचा तुकडा थेट व्हीएमला दिलेला असेल, तर थोड्या नोडवरच्या कामासाठीही अंतर याच्या आसपास राहतं. नोडची संख्या वाढते आणि प्रत्येक पायरीला सगळ्यांना एकमेकांसाठी थांबावं लागतं, तसतसं ते वाढत जातं. डब्ल्यूआरएफ त्यातल्या त्यात सोसणारं आहे, कारण त्यातली देवाणघेवाण बहुतेक शेजारच्या रँकशी होते. सगळ्या यंत्रणेला वेठीस धरणारे कलेक्टिव्ह (सगळ्या रँकनी एकत्र करायचे व्यवहार) त्यात तुलनेने कमी.

आधी मोजा, मग हात लावा

नुसत्या डब्ल्यूआरएफच्या एकूण वेळेवरून काहीच निदान होत नाही. रँक शून्यची आरएसएल फाइल (डब्ल्यूआरएफची नोंदवही) उघडा. त्यात प्रत्येक पायरीला ‘टायमिंग फॉर मेन’ आणि प्रत्येक आउटपुटला ‘टायमिंग फॉर रायटिंग’ अशा ओळी येतात. दोन्हींची वेगवेगळी बेरीज करा, बेअर मेटलची आणि व्हीएमची. फरक लिहिण्यात असेल तर तो डिस्कचा दोष आहे, आणि पुढच्या निम्म्या मजकुराची तुम्हाला गरजच नाही.

फरक मेनमध्ये असेल, तर तीन छोट्या चाचण्या दोन्हीकडे चालवा. एक लिनपॅक किंवा नुसतं मॅट्रिक्स गुणाकाराचं डीजेम: ते फक्त गणनशक्ती दाखवतं. दुसरी स्ट्रीम, मेमरीच्या बँडविड्थसाठी. तिसरी ओएसयूच्या छोट्या चाचण्यांपैकी लेटन्सी आणि ऑलरिड्यूस, नेटवर्कसाठी. स्ट्रीम चालवताना एक चूक फार होते. तिचा मूळ अ‍ॅरे १ कोटी घटकांचा, म्हणजे ८० एमबीचा असतो. तुमच्या दोन सॉकेटची मिळून एल३ कॅशच ९६ एमबी आहे. अ‍ॅरे कॅशच्या किमान चौपट हवा, नाहीतर तुम्ही रॅमऐवजी कॅश मोजत बसाल. २० कोटी घटक द्या, म्हणजे शंका राहणार नाही.

तुमच्या यंत्रात दर सॉकेटला डीडीआर४-३२००चे आठ चॅनल आहेत. ते सगळे भरलेले असतील तर कागदावरची मर्यादा सॉकेटला २०४.८, दोन्ही मिळून ४०९.६ जीबी प्रतिसेकंद. प्रत्यक्षात त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास मिळालं तर ठीक. व्हीएममध्ये बेअर मेटलच्या निम्माच आकडा आला, तर व्हीएमची सगळी मेमरी एकाच सॉकेटवरून येते आहे असं समजा. डीजेम निम्म्याहून खाली गेलं, तर सीपीयूच्या सूचना लपलेल्या आहेत. दोन्ही ठीक असून डब्ल्यूआरएफच संथ असेल, तर पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) किंवा होस्टवरचा, म्हणजे मूळ सर्व्हरवरचा, गोंगाट. या क्रमाने गेलात की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

सीपीयूचं खरं रूप व्हीएमला दिसू द्या

क्यूईएमयू (केव्हीएमचे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) किंवा प्रॉक्समॉक्सवर (त्याच्या व्यवस्थापनाचं साधन) काहीच न निवडता व्हीएम बनवला, तर त्याला एक काल्पनिक, जुना प्रोसेसर दिसतो. प्रॉक्समॉक्समध्ये पूर्वी तो केव्हीएम६४ असायचा. आता एक्स८६-६४-व्ही२-एईएस असतो, पण त्यातही एव्हीएक्स, म्हणजे एकदम अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या सूचना, नाहीतच. एव्हीएक्स२ आणि दोन एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणारी) युनिट असलेला कोअर एका सायकलमध्ये दुहेरी अचूकतेच्या १६ क्रिया करू शकतो. जुन्या एसएसई२वर तो ४च्या आसपास अडकतो. तुमच्या ६३३८मध्ये तर एव्हीएक्स-५१२ही आहे.

यातून दोन तऱ्हेची लक्षणं दिसतात. बेअर मेटलवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम व्हीएममध्ये ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळला, तर बरं. निदान दोष तरी दिसतो. पण ‘या यंत्राला साजेसं कंपाइल कर’ असा पर्याय देऊन व्हीएमच्या आतच डब्ल्यूआरएफ बांधलं असेल, तर कंपायलर समोर दिसणाऱ्या जुन्या प्रोसेसरलाच साजेसा संथ प्रोग्रॅम बनवतो आणि एका शब्दानेही इशारा देत नाही. म्हणून सीपीयूचा प्रकार ‘होस्ट-पासथ्रू’ करा, व्हीएममध्ये एलएससीपीयू चालवून एव्हीएक्स२ आणि एव्हीएक्स-५१२चे झेंडे दिसतात का ते पाहा, आणि त्यानंतर डब्ल्यूआरएफ व त्याखालच्या लायब्ररी पुन्हा बांधा. नुसता प्रकार बदलून जुनाच प्रोग्रॅम चालवला तर फायदा अर्धवट मिळतो. डब्ल्यूआरएफचा बराच वेळ मेमरीची वाट पाहण्यात जात असल्यामुळे यातून लिनपॅकइतकी मोठी उडी दिसणार नाही, पण फुकट मिळणारा वेग सोडायचा कशाला?

कोअर, सॉकेट आणि पिनिंग

माझ्या मते तुमच्या ४० टक्क्यांतला सगळ्यात मोठा वाटा इथे आहे.

लिनक्सचा शेड्युलर व्हीसीपीयूकडे एक साधा थ्रेड म्हणून पाहतो आणि त्याला एका कोअरवरून दुसऱ्यावर, एका सॉकेटवरून दुसऱ्यावर हलवत राहतो. व्हीएमच्या आतल्या एमपीआयने (रँकमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या लायब्ररीने) रँक शून्यला व्हीसीपीयू शून्यला घट्ट बांधलेलं असतं खरं, पण व्हीसीपीयू शून्यच फिरतीवर असेल तर त्या बांधणीला अर्थ उरत नाही. रँकची मेमरी पहिल्या सॉकेटजवळ राहते, तो स्वतः दुसऱ्या सॉकेटवर जातो, आणि प्रत्येक वाचनाला दोन सॉकेटमधला दुवा ओलांडावा लागतो.

त्यात भर म्हणजे व्हीएमला यंत्राची रचनाच माहीत नसते. क्यूईएमयू ६.२च्या आधीच्या मांडणीत ६४ व्हीसीपीयू दिले की व्हीएमला एकेका कोअरचे ६४ सॉकेट दिसायचे. आता एका सॉकेटमध्ये ६४ कोअर दिसतात. दोन्ही चुकीचंच. ओपन एमपीआय रँकची वाटणी एचडब्ल्यूलॉक या लायब्ररीकडून मिळालेल्या नकाशावर करतं, आणि नकाशाच चुकला तर वाटणीही चुकते.

काय करायचं ते सांगतो. सगळे ६४ कोअर व्हीएमला देऊ नका. प्रत्येक सॉकेटवरचे दोन कोअर होस्टसाठी राखा, आणि ३० अधिक ३० असे ६० व्हीसीपीयू बनवा. होस्टला स्वतःची कामं असतातच: क्यूईएमयूचे थ्रेड, डिस्क, इंटरप्ट, देखरेखीचे एजंट. त्यांना जागा ठेवली नाही तर ते तुमच्या रँकच्या डोक्यावर येऊन बसतात. मोठे क्लाउडवालेही हेच करतात. अझ्युअरच्या एचबीव्ही३ प्रकारात १२८ कोअरच्या सर्व्हरवरून १२०च ग्राहकाला मिळतात.

६२ का नकोत? डब्ल्यूआरएफ रँकची संख्या जमेल तितक्या चौरसाकार जाळीत मांडतं. ६० म्हणजे ६ गुणिले १०, चांगली जाळी. ६२ म्हणजे २ गुणिले ३१, म्हणजे प्रदेशाच्या लांबट चिंध्या. क्षेत्रफळाच्या मानाने त्यांची कड मोठी होते आणि कडेच्या डेटाची देवाणघेवाण वाढते. दोन कोअर जास्त देऊन काम संथ होण्याचा हा सोपा मार्ग आहे.

मग लिब्व्हर्टच्या (व्हीएमची मांडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएलमध्ये प्रत्येक व्हीसीपीयूला व्हीसीपीयूपिनने एकेक प्रत्यक्ष कोअर नेमून द्या. एम्युलेटरपिनने क्यूईएमयूचे बाकीचे थ्रेड होस्टच्या राखीव कोअरवर ढकला. आयओथ्रेड असतील तर तेही तिकडेच. टोपॉलॉजीमध्ये २ सॉकेट, ३० कोअर, १ थ्रेड लिहा. न्यूमाचे (सॉकेट आणि त्याजवळची मेमरी असे गट) दोन सेल करा, प्रत्येकात ३० व्हीसीपीयू आणि १२० जीबी. न्यूमाट्यूनमध्ये प्रत्येक सेलची मेमरी त्या त्या प्रत्यक्ष नोडवर ‘स्ट्रिक्ट’ पद्धतीने बांधा.

कोअरचे क्रमांक मनाने लिहू नका. काही सर्व्हरवर ० ते ३१ हे पहिल्या सॉकेटचे असतात, काहींवर सम क्रमांक एका सॉकेटचे आणि विषम दुसऱ्याचे. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर ६४च्या पुढचे क्रमांक बहुधा त्याच कोअरचे जोडथ्रेड असतात. होस्टवर एलएससीपीयूचा विस्तारित तक्ता काढा आणि त्यावरूनच पिनिंग लिहा. दोन व्हीसीपीयू नकळत एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर बसले, तर ते दोन रँक अर्ध्या वेगाने चालतील आणि त्यांच्यापायी उरलेले ५८ थांबून राहतील.

होस्टवर आयसोलसीपीयूज वापरणार असाल तर एक काळजी घ्या. वेगळ्या काढलेल्या कोअरवर शेड्युलर भार वाटत नाही. एकेका व्हीसीपीयूला स्वतंत्र पिन न देता सगळ्यांना मिळून ‘हे ६० कोअर’ एवढंच सांगितलंत, तर ते सगळे एकाच कोअरवर गोळा होऊन बसतात. व्हीएम सुरू होतो, पण कासवालाही लाजवेल असा चालतो.

पिनिंग झाल्यावर व्हीएममध्ये एलएसटोपो चालवून दोन न्यूमा नोड दिसतात का पाहा. होस्टवर क्यूईएमयूच्या प्रोसेस क्रमांकावर न्यूमास्टॅट चालवा. मेमरी दोन्ही नोडवर जवळजवळ सारखी दिसली पाहिजे. शेवटी एमपीआयला बांधणीचा अहवाल छापायला लावा.

तुमची यंत्रं इंटेलची आहेत, पण पुढे एएमडी एपिक घेतलीत तर गणित थोडं बदलतं. तिथे एल३ कॅश छोट्या गटांत वाटलेली असते. मिलान पिढीच्या ३२ कोअरच्या ७५४३मध्ये दर चार कोअरला ३२ एमबी. होस्टसाठी सुटे दोन कोअर न काढता सॉकेटमागे चार कोअरचा एक अख्खा गट राखावा. व्हीएमला ५६ उरतात, आणि ५६ म्हणजे ७ गुणिले ८, डब्ल्यूआरएफला आवडेल अशीच जाळी. कॅशचे गट व्हीएमलाही दिसावेत म्हणून टोपॉलॉजीत ‘डाय’ची संख्या भरा. व्हीएमवेअरवर असाल तर सीपीयूचा हॉट-अ‍ॅड पर्याय बंद आहे ना ते आधी बघा. तो चालू असला की व्हीन्यूमा, म्हणजे व्हीएमला दिसणारी न्यूमा रचना, गुपचूप बंद होतं. व्हीस्फिअर ८च्या आधी तर त्यावर पर्यायच नव्हता.

पानांचा आकार

बेअर मेटलवर टीएलबीमध्ये, म्हणजे मेमरीच्या पानांचे पत्ते जवळ ठेवणाऱ्या छोट्या कॅशमध्ये, पत्ता सापडला नाही, तर चार पातळ्यांचं पेज टेबल चालावं लागतं: जास्तीत जास्त ४ मेमरीवाचनं. व्हीएममध्ये आतल्या टेबलाची प्रत्येक पायरी बाहेरच्या टेबलातून शोधावी लागते, त्यामुळे तीच संख्या २४पर्यंत जाते. डब्ल्यूआरएफसारखे प्रोग्रॅम मोठमोठ्या त्रिमितीय अ‍ॅरेमधून लांब उड्या मारत फिरतात, आणि त्यांना याचा जाच होतो.

उपाय मोठ्या पानांचा. होस्ट बूट होतानाच १ जीबीची २४० पानं राखा, प्रत्येक न्यूमा नोडवर १२०. यंत्र काही दिवस चालल्यावर १ जीबीची पानं मागितलीत तर मिळत नाहीत, कारण तोवर मेमरीचे तुकडे झालेले असतात. म्हणून हे कर्नलच्या बूट ओळीतच लिहायचं. मग व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये मेमरीबॅकिंगखाली हीच पानं मागा. होस्टला १६ जीबी उरतात, आणि दुसरं काही चालत नसेल तर तेवढी पुरतात.

इथे बरेच जण थांबतात आणि फरक कमी पडला म्हणून हळहळतात. टीएलबीत जाणारी नोंद आतल्या आणि बाहेरच्या पानांपैकी लहान आकाराची असते. होस्टवर १ जीबीची पानं आणि व्हीएममध्ये ४ केबीची असतील, तर शोध थोडा स्वस्त होतो, पण टीएलबी लवकर भरतेच. व्हीएमच्या आतही ट्रान्सपरंट ह्यूजपेज ‘ऑलवेज’वर ठेवा. मग निदान २ एमबीच्या नोंदी होतात.

याच बैठकीत होस्टवरचं केएसएम (सारखी पानं एकत्र करणारं) बंद करा, व्हीएममधलं बलून (मेमरी परत घेणारं) उपकरण काढून टाका, आणि कर्नलचं आपोआप न्यूमा संतुलन बंद करा. तुम्ही मेमरी हाताने जागेवर बसवली आहे. ती परत उचलून हलवणारं कोणी नको.

गोंगाट

आतापर्यंतच्या गोष्टी सरासरी वेग ठरवतात. गोंगाट सगळ्यात संथ रँकचा वेग ठरवतो, आणि एमपीआयमध्ये चालतो तो तोच. पंगतीत शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसं ऑलरिड्यूसमध्ये शेवटचा रँक येईपर्यंत सगळे बसून राहतात. एका व्हीसीपीयूला होस्टने ५ मिलिसेकंद बाजूला काढलं, तर ६० व्हीसीपीयूंचे ५ मिलिसेकंद गेले.

म्हणून एका कोअरवर दोन व्हीएम कधीही नकोत. आयटी विभागाला सर्व्हरच्या वापराचा आलेख भरलेला दिसायला हवा असतो आणि ओव्हरकमिटची, म्हणजे आहेत त्याहून जास्त कोअर वाटण्याची, सवय असते. इथे ती चालणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. व्हीएममध्ये टॉप चालवून ‘एसटी’ (होस्टने काढून घेतलेला वेळ) हा स्तंभ पाहा. काम चालू असताना तो शून्य दाखवायला हवा. अर्धा टक्का सतत दिसत असला, तरी कोणीतरी तुमच्या कोअरवर बसतंय.

होस्टवर त्या ६० कोअरसाठी नोएचझेड-फुल आणि आरसीयू-नोसीबीज हे कर्नलची कामं तिथून हटवणारे पर्याय द्या, इंटरप्ट वाटणाऱ्या आयआरक्यूबॅलन्सला ते कोअर वर्ज्य करा, आणि गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. क्यूईएमयूला ओव्हरकमिट पर्यायात ‘सीपीयू-पीएम’ चालू करून द्या. मग व्हीएममधला रिकामा कोअर स्वतःच झोपू आणि जागा होऊ शकतो, प्रत्येक वेळी होस्टकडे उडी मारत, म्हणजे नियंत्रण त्याच्याकडे सोपवत, नाही. मात्र कोअर पूर्णपणे तुमचे असतील तरच हे करायचं, नाहीतर दुसऱ्यांची कामं अडकतात.

घड्याळही तपासा. व्हीएममध्ये क्लॉकसोर्स टीएससी किंवा केव्हीएम-क्लॉक असायला हवा. तो एचपीईटी किंवा एसीपीआय या संथ घड्याळांवर घसरला असेल, तर नुसती वेळ विचारली तरी होस्टकडे उडी जाते, आणि एमपीआय सतत वेळ विचारत असतं. अशा उड्या मोजायला होस्टवर पर्फचा केव्हीएम स्टॅट आहे. गणन चालू असताना कोअरमागे सेकंदाला हजारो उड्या दिसल्या तर कारण शोधा. तक्त्यात प्रकारही लिहिलेला असतो.

इथवर आलात की एका व्हीएमची तक्रार संपलेली असावी: सीपीयूचं खरं रूप, पिनिंगसह खरा नकाशा, मोठी पानं, शांत होस्ट. पुढे जाण्याआधी ६० रँकचा डब्ल्यूआरएफ बेअर मेटलवरच्या ६० रँकशीच ताडून पाहा. ६४शी तुलना केलीत तर सोडलेल्या चार कोअरचा हिशेबही व्हीएमच्या नावावर चढेल.

दोन व्हीएम: नेटवर्क

१२८ रँकला एका व्हीएमपेक्षा जास्त वेळ लागतो, याचा अर्थ रँकचे निरोप व्हर्टिओच्या आभासी कार्डावरून, टीसीपीमधून, ब्रिज ओलांडून जाताहेत. तिथे एका छोट्या निरोपाला दहा-वीस किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंद लागतात. इन्फिनिबँडवर १ ते २. डब्ल्यूआरएफचे कडेचे निरोप लहान आणि असंख्य असल्यामुळे हा फरक थेट भोवतो.

उपाय एसआर-आयओव्ही. कार्ड स्वतःचे आभासी तुकडे पाडतं आणि एक तुकडा व्हीएमला थेट मिळतो, मध्ये होस्टचं सॉफ्टवेअर उरत नाही. बायोसमध्ये व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही चालू करा. कर्नलच्या ओळीत इंटेलचं आयओएमएमयू चालू करून पासथ्रू पद्धत द्या. कनेक्टएक्स या इन्फिनिबँड कार्डाच्या फर्मवेअरमध्ये एसआर-आयओव्ही चालू करून तुकड्यांची संख्या ठरवा (एक पुरतो), आणि तो व्हीएफआयओमार्फत व्हीएमला जोडा.

मग हमखास घडतं ते असं: व्हीएममध्ये कार्ड दिसतं, ड्रायव्हर चढतो, पण पोर्ट ‘डाउन’ राहतं. दोन कारणं बघा. सबनेट मॅनेजर (इन्फिनिबँडचं जाळं सांभाळणारा प्रोग्रॅम) ओपनएसएम असेल तर त्याच्या मांडणीत ‘व्हर्ट-एनेबल्ड’ २ केलेलं हवं. आणि त्या तुकड्याला होस्टवरून नोड व पोर्टचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन पॉलिसी ‘फॉलो’ करायला हवी, मग ड्रायव्हर काढून पुन्हा जोडायचा. सबनेट मॅनेजर स्विचमध्येच असेल तर ही आभासी पोर्टची सोय तिथल्या मांडणीत चालू करावी लागते, आणि तिथला पासवर्ड सहसा वेगळ्याच माणसाकडे असतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

पोर्ट ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालं तरी आनंद लगेच नको. व्हीएममध्ये लॉक करता येणाऱ्या मेमरीची मर्यादा ‘अनलिमिटेड’ आहे का पाहा. स्लर्ममधून (कामांची रांग लावणाऱ्या प्रोग्रॅममधून) काम सुरू होत असेल तर ती मर्यादा स्लर्मच्या सेवेलाही लागू असते; लॉगिन करून पाहिलेला आकडा फसवा असतो. ती कमी असली की आरडीएमए (दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट वाचणं-लिहिणं) उभं राहत नाही आणि एमपीआय काहीही न बोलता टीसीपीवर घसरतं. म्हणून ओपन एमपीआयला पीएमएल (निरोप पाठवणारा थर) म्हणून यूसीएक्स ही लायब्ररीच वापरायला सांगा आणि यूसीएक्सला तुमच्या उपकरणाचं नाव द्या. मग अडचण आली तर काम संथ चालण्याऐवजी थांबेल, आणि कारणही छापलं जाईल.

कार्ड एकाच सॉकेटला जोडलेलं असतं, हेही व्हीएमला कळायला हवं. व्हीएममधल्या सिसएफएसमध्ये कार्डाचा न्यूमा नोड उणे १ दिसत असेल, तर लिब्व्हर्टमध्ये पीसीआयई एक्सपांडर बस जोडून तिला योग्य सेल नेमा आणि कार्ड तिच्यावर ठेवा. फायदा मोठा नाही, पण कष्टही फार नाहीत.

एक मोह टाळा: एका सर्व्हरवर १५-१५ कोअरचे चार व्हीएम. एकाच व्हीएममधले रँक सामायिक मेमरीतून बोलतात. चार व्हीएम केले की एकाच डब्यातले रँक एकमेकांशी कार्डावरून बोलू लागतात. एका सर्व्हरवर एक मोठा व्हीएम, एवढं पुरे.

डिस्क

यावर थोडंच सांगतो. क्यूकाऊ२ (क्यूईएमयूच्या आभासी डिस्कच्या) फाइलवर लिहिणं टाळा. रॉ प्रतिमा किंवा एलव्हीएम, कॅश ‘नन’, आणि स्वतंत्र आयओथ्रेड. मोठं आउटपुट सामायिक साठ्यावर जात असेल, तर तो साठा व्हीएमच्या आतून इन्फिनिबँडवर माउंट करा, होस्टमार्फत नको. आणि डब्ल्यूआरएफचा मूळ पर्याय सगळा डेटा एका रँककडे गोळा करून लिहितो. हिस्टरीचा आयओ-फॉर्म २ऐवजी ११ केला, अर्थात पीनेटसीडीएफसह बांधून, तर सगळे रँक मिळून लिहितात. हा फायदा बेअर मेटलवरही मिळतो.

आता आयटी विभागाचं

यातून त्यांचं काय जातं, हे त्यांच्यापासून लपवू नका. कार्डाचा तुकडा थेट दिला की व्हीएम चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही. मेमरी पूर्ण राखून ठेवलेली असते, ओव्हरकमिट नाही, सर्व्हर फक्त तुमच्यासाठी. उरतं काय? वेगवेगळ्या गटांना वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम देता येणं, बिघडलेला व्हीएम काही मिनिटांत नव्याने उभा करणं, वापरणाऱ्यांना रूट दिलं तरी होस्ट सुरक्षित राहणं, आणि सगळ्या संस्थेत देखभालीची एकच पद्धत. हे त्यांना हवं असेल तर वरची मेहनत सार्थ आहे.

पण तुमच्या गटाची गरज फक्त ‘आमच्या लायब्ररी आम्हाला हव्या त्या आवृत्तीच्या’ एवढीच असेल, तर बेअर मेटलवर स्लर्म आणि त्यात अ‍ॅपटेनर, म्हणजे पूर्वीचं सिंग्युलॅरिटी, हा मार्ग कितीतरी सोपा आहे. कंटेनरला होस्टचाच कर्नल असतो, त्यामुळे पिनिंग, पानं, एसआर-आयओव्ही यांतलं काहीच करावं लागत नाही. चारही सर्व्हर कायम डब्ल्यूआरएफलाच वाहिलेले असतील आणि ते एकाच गटाच्या ताब्यात असतील, तर मी हाच मार्ग घेईन आणि आयटीपुढे तोच मांडेन. शेकडो कोअरची कामं अधूनमधूनच येत असतील, तर त्यांच्यासाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर वेळ मागणं बरं. पुण्यात आयसरमध्ये त्यातलं परम ब्रह्म हे यंत्र आहे.

व्हीएमचाच मार्ग ठरला, तर तीन आकडे एका फाइलमध्ये लिहून ठेवा: व्हीएममधल्या स्ट्रीमच्या ट्रायड या भागाचा आकडा, ओएसयूची दोन व्हीएममधली ८ बाइटची लेटन्सी, आणि ‘टायमिंग फॉर मेन’ची तासाभराच्या सिम्युलेशनची सरासरी. कर्नल, क्यूईएमयू, बायोस किंवा कार्डाचं फर्मवेअर अपडेट झालं की तिन्ही पुन्हा मोजा. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंगचा पर्याय कोणी बदलला, तर कोअरचे क्रमांक बदलू शकतात. जुनं पिनिंग तसंच राहतं, व्हीएम काहीही तक्रार न करता सुरू होतो, आणि हे आकडे सोडले तर ते दुसरीकडे सहजी दिसत नाही.